पडद्याचा कारभार कोणाकडे?

संगणक सुरू होताना तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? कळ दाबली की लगेच रंगीत चित्र येत नाही. आधी पडदा काळा होतो. पुष्कळ यंत्रांवर, विशेषतः लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम ज्यांवर चालते अशा यंत्रांवर, त्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावत जातात आणि मग कुठे खिडक्या, चित्रे, रंग दिसू लागतात. आपण त्या ओळींकडे लक्ष देत नाही. द्यायचे कारणही नसते. पण एखाद्या दिवशी यंत्र बिघडते, रंगीत चित्र येतच नाही, आणि मग त्या पांढऱ्या ओळींखेरीज आपल्याला दुसरा आधार राहत नाही. यंत्राला काय झाले आहे ते यंत्रच सांगत असते, आणि सांगायला त्याच्यापाशी तेवढीच एक जागा असते.

आज त्या जागेचा इतिहास सांगायचा आहे. तिला कन्सोल म्हणतात. पडद्यावर ही अक्षरे कोण काढतो, ती केवढी असावीत आणि किती ओळींत बसावीत हे कोण ठरवतो, आणि ठरवण्याचा हा अधिकार गेल्या पन्नास-साठ वर्षांत कोणाकडून कोणाकडे गेला, अशी ही हकीकत आहे. विषय यंत्रशाळेतला वाटेल, पण आतला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. गावावर संकट आले तर दवंडी कोणी पिटायची? ज्याच्या हाती हलगी आहे त्याने, की ज्याला बातमी ठाऊक आहे त्याने? हलगी एकाकडे आणि बातमी दुसऱ्याकडे असली, तर गावाला काहीच कळत नाही.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला शब्द कर्नल. हा फौजेतला कर्नल नव्हे बरे! इंग्रजीत दाण्याच्या आतल्या गरालाही कर्नल म्हणतात. शेंगेचे टरफल फोडले की आत दाणा, तसा ऑपरेटिंग सिस्टीमचा आतला दाणा म्हणजे कर्नल. खिडक्या, चित्रे, बटणे हे सगळे वरचे टरफल. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, दाबलेली कळ कोणाकडे पोचवायची, हा कारभार कर्नल पाहतो. ऑपरेटिंग सिस्टीमपैकी सर्वांत आधी जागा होतो तो कर्नल, आणि सर्वांत शेवटी झोपतो तोही कर्नल. दुसरा शब्द ग्राफिक्स कार्ड. मॉनिटरकडे जे चित्र जाते ते तयार करणारे हे अंग. पूर्वी ती एक वेगळी पाटी असे, खाचेत बसवायची. आता पुष्कळदा ती मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये सामावलेली असते. कर्नलला बातमी ठाऊक, कार्डाच्या हाती हलगी. आपली गोष्ट या दोघांची आहे.

पहिल्या काळात पडदाच नव्हता. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे काम सुरू केले. त्या वेळी माणूस संगणकाशी बोले तो टेलिटाइप या यंत्रामधून. तारघरातला टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल. १९६३ साली आलेले टेलिटाइप ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. खट्‌ खट्‌ आवाज होई आणि कागद वर सरके. तिथे पडद्याचे माप ठरवायचा प्रश्नच नव्हता. एक मोठी सोय मात्र होती. यंत्र अचानक बंद पडले तरी त्याने शेवटी काय सांगितले ते कागदावर राही. दुसऱ्या दिवशी येऊन वाचले तरी चाले. आजही लिनक्समध्ये कन्सोलला टीटीवाय म्हणतात. टेलिटाइपचेच ते आखूड नाव. यंत्र गेले, नाव राहिले.

मग कागदाच्या जागी काच आली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने व्हीटी-१०० नावाचा टर्मिनल बाजारात आणला. एका ओळीत ८० अक्षरे, अशा २४ ओळी. हे ८० कोठून आले? आयबीएम कंपनीने १९२८ साली काढलेल्या भोकांच्या कार्डात ८० रकाने होते, तो आकडा पुढे चालत आला. या काळातही अक्षर काढण्याचे काम टर्मिनलचे स्वतःचे होते. संगणकाने तारेवरून 'अमुक अक्षर' एवढे कळवायचे, बाकी सारे टर्मिनलने पाहायचे. संगणक एका खोलीत, टर्मिनल दुसऱ्या खोलीत. दोघांची कामे वेगळी, म्हणून भांडण नव्हते.

भांडणाचे बी पडले ते १९८१ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला. आता संगणक आणि पडद्याचे कार्ड एकाच पेटीत आले. त्यातले साधे कार्ड फक्त अक्षरे दाखवी. ते कसे काम करी हे शिक्षकांना तरी सहज पटेल, कारण ते हजेरीपटासारखे होते. २५ ओळी आणि ८० रकाने असा पट आखलेला. प्रत्येक घरात दोन आकडे. पहिला आकडा अक्षराचा क्रमांक, दुसरा त्या अक्षराचे रूप, म्हणजे ठळक, अधोरेखित वगैरे. ८० गुणिले २५ म्हणजे २,००० घरे, प्रत्येकी दोन आकडे, म्हणजे अवघ्या ४,००० बाइट मेमरीत सगळा पडदा मावला. अक्षरांचे आकार कार्डातच कोरलेले असत. ६५ क्रमांक टाकला की कार्ड आपणहून इंग्रजी 'ए' काढी.

१९८७ साली आयबीएमचेच व्हीजीए कार्ड आले. त्यात १६ रंग होते, अक्षराचा साचा आडवा ९ आणि उभा १६ ठिपक्यांचा होता, पण हजेरीपट तोच राहिला. हा पट दिसायला दरिद्री खरा. ना चित्र, ना नक्षी. पण त्याच्या साधेपणात एक मोठा गुण होता. ठराविक पत्त्यावर एक आकडा ठेवला की अक्षर उमटले. त्यासाठी कोणाची परवानगी नको, कोणाची वाट पाहणे नको. कर्नल मरणाच्या दारात असला तरी तेवढा आकडा टाकून दोन शब्द बोलून जाऊ शके.

या पटावर लिनक्सचा जन्म झाला. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. घरच्या संगणकावरून फोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी बोलता यावे म्हणून त्याने स्वतःचा टर्मिनल कार्यक्रम लिहायला घेतला. सुरुवातीचा त्याचा प्रयोग गमतीचा होता. दोन कामे आळीपाळीने चालवायची. एक काम पडद्यावर नुसते 'ए' लिही, दुसरे नुसते 'बी'. पडद्यावर थोडे 'ए', मग थोडे 'बी', पुन्हा 'ए' असे दिसले, तेव्हा त्याला कळले की एकच प्रोसेसर दोघांमध्ये वाटला जात आहे. म्हणजे लिनक्सचा पहिला पुरावा मिळाला तो पडद्यावरच्या अक्षरांतून. त्याच कार्यक्रमाचा पुढे कर्नल झाला, आणि पडद्यावर लिहिण्याचे काम पहिल्या दिवसापासून कर्नलच्या घरातले राहिले.

आता तुम्ही विचाराल, मग सेटिंग कसले करायचे? तर असे की २५ ओळी लोकांना अपुऱ्या वाटू लागल्या. कार्यक्रम लिहिणाऱ्याला एका नजरेत जास्त ओळी हव्या असतात. व्हीजीए कार्डात अक्षराचा साचा उंचीने अर्धा केला की २५ च्या ५० ओळी होत. कर्नलला सुरू होतानाच हे सांगायची सोय झाली. यंत्र सुरू करताना 'व्हीजीए बरोबर आस्क' असा शब्द दिला की कर्नल थांबून विचारी, 'हे हे प्रकार मिळतील, कोणता हवा?' मार्टिन मारेश यांनी १९९५ पासून ही निवडीची व्यवस्था नीट बसवली. पडद्याचे माप कर्नलला सांगणे ते हेच. मालकाने कारभाऱ्याला सकाळीच दिलेली सूचना म्हणा ना.

इकडे बाजार मात्र पुढे धावत होता. आयबीएमखेरीज अनेक कंपन्या आपापली कार्डे काढू लागल्या. एकाची युक्ती दुसऱ्याला लागू पडेना. म्हणून १९८९ साली व्हेसा नावाची संस्था निघाली आणि पडद्याच्या मापांना सर्वमान्य क्रमांक मिळाले. दुसरीकडे लोकांना खिडक्या आणि चित्रे हवी होती. लिनक्सवर हे काम एक्स नावाचा एक वेगळा कार्यक्रम करी. तो कर्नलच्या बाहेरचा. कर्नलला वगळून तो सरळ कार्डाशी बोले, स्वतःच पडद्याचे माप बदली, स्वतःच ठिपके भरी.

म्हणजे एका म्यानात दोन तलवारी आल्या. अक्षरांचा पडदा कर्नलचा, चित्रांचा पडदा एक्सचा, आणि कार्ड मात्र एकच. एकाने कार्ड कोणत्या अवस्थेत ठेवले आहे हे दुसऱ्याला धड ठाऊक नसे. चित्रातून अक्षरांकडे यायचे तर पडदा लुकलुके, कधी वेड्यावाकड्या रेघा येत, कधी काहीच येत नसे. सर्वांत वाईट गोष्ट पुढेच होती. खिडक्या उघड्या असताना कर्नलला प्राणघातक दोष सापडला, तर तो आपला निरोप अक्षरांच्या पडद्यावर लिही, आणि समोर मात्र चित्रांचा पडदा असे. वापरणाऱ्याला दिसे ते इतकेच की चित्र गोठले, माऊस हलत नाही. बातमी होती, हलगी नव्हती. माणूस वायर काढून यंत्र बंद करी, आणि काय बिघडले ते कधीच कळत नसे.

मॉनिटरचीही एक अडचण होती. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ पडदा रंगवी. सेकंदाला किती ओळी आणि किती वेळा पूर्ण पडदा, हे आकडे मॉनिटरच्या ताकदीबाहेर दिले तर चित्र फाटे, आणि काही जुने मॉनिटर त्याने खराबही होत. एक्सच्या सेटिंगच्या फाइलीत हे आकडे माणसाला हाताने लिहावे लागत. मॉनिटरची पुस्तिका समोर घेऊन, हिशेब करून, देवाचे नाव घेऊन यंत्र सुरू करायचे, असा तो काळ होता. १९९४ साली व्हेसाने यावर उपाय काढला. मॉनिटरनेच तारेवरून आपली ओळख द्यावी, आपण कोणती मापे पेलू शकतो ते १२८ बाइटच्या एका पत्रकात सांगावे, असा नियम झाला. त्या पत्रकाला ईडीआयडी म्हणतात. नवा पाहुणा दारात आला की आपले नाव-गाव आणि पथ्यपाणी स्वतःच सांगतो, तसे हे.

मधल्या काळात कर्नलकडूनही एक पाऊल पडले, आणि तेही अनपेक्षित दिशेने. लिनक्स आता अमिगा आणि अटारी या वेगळ्या घराण्यातल्या संगणकांवर चालवले जाऊ लागले होते. त्या यंत्रांत अक्षरांचा हजेरीपट मुळी नव्हताच. तिथे होते नुसते ठिपके. मग कन्सोल कसा दाखवायचा? कर्नलनेच अक्षराचा आकार ठिपक्याठिपक्याने काढायचा! कागदावर आखलेल्या चौकटीत मुले एकेक घर भरून अक्षर गिरवतात, तसे. या व्यवस्थेला फ्रेमबफर म्हणतात. बेल्जियमचे गीर्ट उइटरहूवन यांनी ती पुढे बरीच वर्षे सांभाळली. जानेवारी १९९९ मध्ये कर्नलची २.२ ही आवृत्ती निघाली, तेव्हा ही सोय घरोघरच्या साध्या पीसीलाही मिळालेली होती. गेर्ड क्नोर यांनी १९९८ मध्ये व्हेसाच्या क्रमांकांचा आधार घेऊन त्यासाठी लागणारा चालक लिहिला होता. चालक म्हणजे ड्रायव्हर, कर्नल आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा.

याच काळात 'व्हीजीए बरोबर ७९१' हा मंत्र लिनक्स वापरणाऱ्यांच्या तोंडी बसला. यंत्र सुरू होताना कर्नलला हा शब्द दिला की पडदा आडवा १,०२४ आणि उभा ७६८ ठिपक्यांचा होई, रंग ६५,५३६. ७९१ हा आकडा ऐकून गूढ वाटतो, पण त्यात जादू काही नाही. त्या मापाचा व्हेसाचा क्रमांक २७९, त्यात लिनक्सने आपले ५१२ मिळवले, झाले ७९१. अक्षराचा साचा आडवा ८ आणि उभा १६ ठिपक्यांचा धरला, तर अशा पडद्यावर एका ओळीत १२८ अक्षरे आणि ४८ ओळी मावत. डावीकडे वरच्या कोपऱ्यात टक्स नावाचा पेंग्विन दिसे. लॅरी युइंग यांनी १९९६ साली काढलेले ते चित्र. यंत्रात जितके प्रोसेसर तितके पेंग्विन ओळीने उभे राहत. मुलांना दाखवावी अशीच ती गंमत.

पण या सुखाची किंमतही पाहा. पूर्वी ४,००० बाइटमध्ये मावणारा पडदा आता १,०२४ गुणिले ७६८ गुणिले २, म्हणजे १५,७२,८६४ बाइटचा झाला. एक ओळ वर सरकवायची तर एवढा पसारा हलवायचा. शिवाय या चालकाला माप एकदाच, अगदी सुरुवातीला ठरवता येई. यंत्र चालू असताना बदलायचे म्हटले तर ते त्याच्या हातात नव्हते. आणि एक्सशी असलेले जुने भांडण तसेच राहिले. दोन मालक होते ते होतेच.

ते भांडण मिटले २००९ साली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कर्नलची २.६.२९ ही आवृत्ती आली. तिच्यात इंटेलच्या कार्डांपुरती एक नवी व्यवस्था होती. तिचे नाव कर्नल मोड सेटिंग. जेसी बार्न्स, डेव्ह एअरली आणि त्यांचे सहकारी यांचे हे काम. त्याच वर्षी रेडिऑन कार्डांना आणि २०१० च्या आरंभी एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या कार्यकर्त्यांनी लिहिलेल्या नूव्हो या चालकालाही ती मिळाली. व्यवस्थेचे सूत्र सोपे आहे. पडद्याचे माप फक्त कर्नल ठरवील. खिडक्यांच्या कार्यक्रमाला वेगळे माप हवे असेल तर त्याने कर्नलकडे अर्ज करावा. मॉनिटरचे ओळखपत्रही कर्नलच वाचील. एकच कारभारी झाल्यामुळे लुकलुक थांबली आणि चित्रांतून अक्षरांत जाणे-येणे सुरळीत झाले. संगणक झोपवून पुन्हा उठवला की पडदा पूर्वीच्या जागी आणायचे कामही कर्नलकडे आले.

यावर आक्षेप नव्हते असे नाही, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत. कर्नल जितका लहान तितका भरवशाचा, हे जुने तत्त्व. ग्राफिक्स कार्डाचा चालक लाखो ओळींचा असू शकतो. बाहेरचा कार्यक्रम चुकला तर तो एकटा मरतो, पण कर्नलच्या आतले काही चुकले तर सगळे यंत्र घेऊन बुडते. कारभार एका हाती दिला की त्या हाताची जबाबदारी वाढते, हे यंत्रालाही चुकत नाही. तरीसुद्धा निवड झाली ती एका मालकाची, कारण दोन मालकांचा अनुभव त्याहून वाईट होता.

आता शिक्षकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. आजही शाळेतल्या एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवले आणि सुरू करताच पडदा काळा राहिला, असे होऊ शकते. पुष्कळदा यंत्र मेलेले नसते. कर्नलने ठरवलेले माप आणि कार्ड किंवा मॉनिटर यांचा मेळ बसलेला नसतो, एवढेच. अशा वेळी सुरुवातीची यादी दिसते, ती ग्रब नावाच्या कार्यक्रमाची, तिथे थांबा. 'ई' कळ दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या शेवटी एक जागा सोडून इंग्रजीत 'नोमोडसेट' हा शब्द सलग लिहा. मग एफ-१० दाबा. त्याचा अर्थ असा की, 'बाबा कर्नल, माप ठरवायच्या भानगडीत पडू नकोस, यंत्राने उठताना जे दिले आहे तेच चालव.' चित्र कदाचित संथ आणि ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून भीती नाही. हे औषध नव्हे, तात्पुरता आधार आहे. खरा दोष शोधायला डोळ्यांपुढे काही दिसावे, यासाठी तो.

दुसरी गोष्ट. मॉनिटर आपली ओळख चुकीची देत असेल, जुन्या मॉनिटरांत हे घडते, तर त्याच ओळीत 'व्हिडिओ' हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि आपल्याला हवे ते माप लिहिता येते, जसे १०२४, मग इंग्रजी 'एक्स' हे अक्षर, मग ७६८. मधे मोकळी जागा सोडायची नाही. १९९५ च्या त्या प्रश्नोत्तराचाच हा नातू म्हणायचा. कर्नलला माप सांगायची रीत पार बदलली, पण शेवटचा शब्द माणसाचा, ही सोय टिकून आहे.

इतके झाले तरी दवंडीचा मूळ प्रश्न पुरता सुटला नव्हता. २०२० साली तर एक पाऊल मागेही आले. कन्सोलवर वर सरकून गेलेल्या ओळी पुन्हा खाली आणून वाचायची जी सोय कर्नलमध्ये होती, ती त्या वर्षीच्या ५.९ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. तिच्यात सुरक्षिततेचे दोष निघाले होते आणि ती सांभाळायला कोणी पुढे येत नव्हते. जुन्या माणसांना हे लागले. लागणारच! टेलिटाइपचा कागद तरी हातात राहत होता.

आणि कर्नलला प्राणघातक दोष सापडल्यावर काय? त्या अवस्थेला कर्नल पॅनिक म्हणतात, म्हणजे कर्नलची घबराट. नव्या कार्डांवर एक अक्षर काढायलाही बरीच यंत्रणा हलवावी लागते, आणि घबराटीत ती हलेलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे खिडक्या उघड्या असताना यंत्र गोठले, तर निरोप पुष्कळदा दिसतच नसे. यावरचा इलाज अगदी अलीकडचा आहे. जुलै २०२४ च्या ६.१० या आवृत्तीत जोसलीन फालम्प यांनी केलेली व्यवस्था आली. तिच्यामुळे मरता मरता कर्नल पडदा ताब्यात घेतो आणि आपला दोष सांगतो. आरंभी ती थोड्याच कार्डांसाठी होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ६.१२ आवृत्तीत तीत क्यूआर कोड काढायची सोय झाली. दुकानात पैसे देताना आपण फोनने टिपतो तसाच ठिपक्यांचा चौकोन. त्यात यंत्राचे शेवटचे निरोप भरलेले असतात, ते फोनने टिपून जाणकाराकडे धाडता येतात. पंचावन्न वर्षांपूर्वी कागद जे काम आपोआप करी, ते पडद्याला इतक्या उशिरा जमले.

शेवटी आपल्या लिपीविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. हजेरीपटात २५६ आकार मावत, फार तर ५१२. एका घरात एक अक्षर, आणि लिहिले त्याच क्रमाने. इंग्रजीला हे पुरते. मराठीला पुरत नाही. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' उच्चारतो, पण वेलांटी मात्र 'क'च्या डावीकडे बसते. 'क्ष' आणि 'स्त्री' यांची घरे कशी मोजायची? १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत यावर काम झाले, आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते घरोघर पोचवले. त्याचे नाव जिस्ट. मोहन तांबे हे त्यातले अग्रणी. त्यांनी वाट वेगळी काढली. ऑपरेटिंग सिस्टीमला देवनागरी शिकवत बसण्याऐवजी त्यांनी एक कार्डच केले. ते संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे जुने कार्यक्रमही पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. अक्षरे जोडायचे, वेलांटी मागे नेऊन बसवायचे काम कार्ड पाही. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या क्रमांकांना आयएस १३१९४ हे राष्ट्रीय प्रमाण मिळाले, त्यामागेही याच मंडळींचे श्रम होते.

आज खिडक्यांच्या पडद्यावर मराठी सुरेख दिसते, त्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही. पण कर्नलच्या स्वतःच्या कन्सोलवर अजूनही एका घरात एक अक्षर हाच नियम चालतो. ठिपक्यांचा पडदा आला, घरे मोठी झाली, तरी अक्षरे जोडायची विद्या कर्नलच्या आत आलेली नाही. ती आत आणावी का, हा पुन्हा तोच जुना प्रश्न आहे, कारण कर्नल लहान राहावा हेही खरे आहे. तोवर मराठी शाळेतल्या यंत्राचे शेवटचे शब्द इंग्रजीतच उमटणार.

म्हणून एक विनंती. यंत्र अडले आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी दिसल्या, तर घाबरून लगेच बंद करू नका. शेवटच्या चार-पाच ओळी वहीत उतरवून घ्या, किंवा फोनने त्यांचे छायाचित्र घ्या. अर्थ कळला नाही तरी चालेल. मुलांकडून ओळी वाचून घ्या, एखादा शब्द ओळखीचा निघतो का ते पाहू द्या. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला 'बंद पडले' एवढेच सांगण्यापेक्षा त्या चार ओळी दाखवल्या, तर त्याचे निम्मे काम होते. तेवढे बोलता यावे म्हणूनच तर कर्नलने पडद्याचा कारभार आपल्या हाती घेतला. त्याचे बोलणे ऐकून घेणे आपल्या हाती आहे.